एक घोट

मॉन्टेव्हिडिओतल्या एका विद्यापीठात अनिबाल संशोधन प्रकल्पांचा व्यवस्थापक होता. कामाच्या ओळखी जोडण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं त्याचं स्वतःबद्दलचं ठाम मत. कोणाला कधी गाठायचं, काय बोलायचं, याचे डावपेच तो सकाळी दाढी करतानाच आखायचा. शेजारच्या टेबलावरची सुल्मा रोज मॅटे चहाचा तुंबा, म्हणजे सगळ्यांनी एकाच नळीने प्यायचं भोपळ्याचं भांडं, पुढे करायची, "घे रे, एक घोट!"

याचं उत्तर ठरलेलं, "नको गं, वेळ नाही. माणसं जोडायचीत मला."

अखेर एका परिषदेत निधी समितीच्या अध्यक्षा एल्वीराबाई त्याला एकट्या सापडल्या. प्रकल्प तारणं-मारणं त्यांच्याच हातात. अनिबालने खास घरून आणलेला तुंबा भरला, अदबीने पुढे केला आणि घोकून ठेवलेलं वाक्य टाकलं, "बाई, एका तुंब्यातून प्यायलं की माणसं आपली होतात."

बाईंनी नळीने सावकाश शेवटच्या थेंबापर्यंत चहा ओढला. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं.



"म्हणजे आमच्या सुल्माच्या हातचा एक घोट घ्यायला ज्यांना वेळ नसतो, ते अनिबाल तुम्हीच! मी तिची थोरली बहीण."