माग गेल्यावर

"दादा, नाही जमून राहिलं," पियूष फोनवर म्हणाला. "मले तशीच धून पाहिजे. पण तीच नको."

स्वानंदनं कपाळावर हात मारला. लघुपट जोडताना पियूषनं शेवटच्या प्रसंगाखाली कुठल्याशा परदेशी सिनेमाची धून तात्पुरती टाकली होती. सगळेच टाकतात. पण रोज ऐकून ऐकून तो तिच्या प्रेमात पडला आणि आता दुसरं काही त्याच्या गळी उतरेना. प्रसंग एवढाच: कोष्ट्याच्या घरातला हातमाग लोक उचलून नेतात आणि म्हातारी रिकाम्या जागेकडे बघत बसते. अख्ख्या लघुपटात संगीत फक्त तिथंच होतं.

बासरी झाली, सारंगी झाली, नुसता तंबोराही झाला. सगळं रडकं. आयुष्यभर नंदनवन वस्तीतल्या लग्नांत की-बोर्ड बडवणाऱ्याला देवानं एक सिनेमा दिला आणि तोही हातचा चालला होता. पलीकडे खाटेवर आई पुष्पलताबाई होत्या. त्यांच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. पोराचं नाव पडद्यावर बघायचं, एवढ्यासाठी त्या थांबल्या होत्या.

हताश होऊन तो त्यांच्या पायाशी बसला. "आई, आपल्या घरचा माग नेला, तवा कसं वाटलं वं तुले?"

"कसं म्हणजे? जन्मभर त्याच्या खटखटीत झोपली मी. त्या दिवशी आवाजच नाही. मले तं वाटलं, बहिरी झाली का काय."

स्वानंद तडक उठला. प्रसंगाखालची आपली धून त्यानं पुसून टाकली. माग दाराबाहेर गेला की पुढं कसलाच आवाज नाही. तसंच पाठवून दिलं.

थोड्या वेळानं पियूषचा फोन आला. "दादा, रडून राहिलो ना मी! हेच पाहिजे होतं." मग म्हणाला, "पण आता पिक्चरमध्ये संगीतच नाही उरलं. तं संगीतकाराच्या नावाची पाटी काढून टाकतो, बरं का."

स्वानंदनं आईकडे पाहिलं. खोटी का होईना, पाटी ठेव म्हणता आलं असतं. पण सूर तर एकही दिला नव्हता. "काढ," तो म्हणाला.

"काय म्हणते गा तो?" आईनं विचारलं. "पसंत पडलं?"

"लय पसंत पडलं."

"मंग त्याले सांग, नाव मोठ्या अक्षरात टाक म्हणा. मले आता बारीक दिसत नाही."