टाकीचं झाकण

"फाइल उघडायची नाही, कॉपी तर मुळीच नाही. नुसती नावं वहीत उतरव," देवस्थळी साहेबांनी मला बजावलं आणि ते केबिनमध्ये गेले.

बोईसरच्या त्या केमिकल कारखान्यात जुन्या फ्लॉप्यांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. चौथ्या फ्लॉपीत एकच फाइल निघाली. नाव होतं नवशा.

नवशा माझा भाऊ. शिमग्याच्या आदल्या दिवशी तो टाकी धुवायला उतरला. वायू सुटला, तसं साहेबांनी वरून झाकण लावायला लावलं. तो आतून ठोकत होता, ते सगळ्यांनी ऐकलं. भरपाई म्हणून मला ही खुर्ची मिळाली.

मी एंटर दाबून कॉम्प्युटरकडून त्या फ्लॉपीची यादी पुन्हा मागवली. ड्राइव्ह वाजू लागला. खट्, खट्, खट्. कुणी आतून पत्रा ठोकावा तसा.

केबिनमध्ये साहेब खोकले.

फ्लॉपीवर नवं लिहिलं जाऊ नये म्हणून तिच्या खाचेवर चिकटपट्टी होती, आत काही भरलं जाणं शक्यच नव्हतं. तरी पडद्यावर फ्लॉपीत उरलेली जागा मघापेक्षा कमी दिसत होती. मी परत यादी मागवली. जागा आणखी घटली. साहेबांचा खोकला थांबेना.

गळ्याशी हात नेत ते दारापर्यंत आले.

"चंद्रकांता, खिडकी उघड."

"उघडीच हाय, साहेब."

ते खाली बसले आणि मुठीने दार ठोकू लागले. खट्, खट्, खट्. ड्राइव्ह आता गप्प होता.

पडद्यावर थोडी जागा अजून शिल्लक होती.

मी एंटर दाबलं.