चौथी थाप

बाबांची बोटं थरथरायला लागली, म्हणून त्यांचा ढोलकीचा ठेका मी शाळेच्या कम्प्युटरवर उतरवायला घेतला. आमच्या भीमगीतांच्या पार्टीतली नवी पोरं तो ऐकूनच शिकणार होती. एका मात्रेत पाच थापा! नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मी पाचाचा गट केला आणि ऐटीत वाजवून दाखवला. बाबा हसले, "हे तं पोलिसाइची परेड झाली! चौथी थाप उशिरा येते, पोरी." मग मी सहाचा गट करून तिसरीला दोन भाग दिले, म्हणजे चौथी मागे सरकली. हुबेहूब बाबा! पण मला चैन कुठली? "चौथीच काऊन उशिरा?" "तुह्या आज्याचं बोट चुनखडीच्या खदानीत तुटलं होतं. चौथी थाप त्याच बोटाची, तिले उशीर होये. मी तसंच शिकलो." म्हणजे ती चूक होती! "मग सरळ करून टाकू?" बाबांनी पुन्हा ऐकलं. "नोको. नव्या पोट्ट्याइनं आज्याले पाह्यलंच नाई. या थापेत तं भेटू दे."