संपलं म्हणायचं नाही

“दस का लेते या सतरा का, मॅडम?” मोहियुद्दीनने पुन्हा विचारलं.

काउंटरवर दोन मॅगझिन ठेवली होती. गोळ्या भरून पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची. एकात दहा गोळ्या मावत, दुसऱ्यात सतरा. विभावरी दोन्हींकडे मख्खपणे बघत उभी होती. हल्ली काहीही निवडायला सांगितलं की तिचं असंच व्हायचं.

रियाधबाहेरच्या या शूटिंग क्लबात तिला अफनान घेऊन आली होती. शहरातल्या ओलाया भागातल्या एका बँकेत दोघी शेजारी बसत. शुक्रवारची सुट्टी भिंतीकडे बघत काढतेस, त्यापेक्षा चल, यल्ला, म्हणत अफनानने तिला गाडीत घातलं होतं. विभावरी आली. नको म्हणायलासुद्धा माणसाला आधी काहीतरी वाटावं लागतं.

“पहली बार है तो दस का लो,” मोहियुद्दीन म्हणाला. तो इथला शिकवणारा, मूळचा हैदराबादचा. “बीच में रुकना पडता. हाथ को आराम, साँस को आराम.”

थांबणंच तर तिला नको होतं. थांबलं की मार्च आठवायचा.

“सतरा,” ती म्हणाली.

मार्चमध्ये तिचा नवरा उमाकांत सकाळचा चहा पिता पिता गेला. त्याला मुंबईला नेलं, सगळं रीतसर केलं. फक्त कुडाळला सासूबाईंना कुणी सांगितलं नाही. आईचं हृदय नाजूक, ऐकलं तर तिथल्या तिथे जाईल, असं धाकट्या दिराचं, राजाभाऊंचं म्हणणं पडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या घरी गेले. कुडाळचा दर शुक्रवारचा फोन मात्र विभावरीच्या गळ्यात पडला. झोपलेत. आंघोळीला गेलेत. ऑफिसचं काम निघालंय. थापा मारण्यात ती इतकी तयार झाली, की एकदा फोन ठेवून गीझर बंद करायला उठली होती. तिला रडू आलं नव्हतं. अजूनही आलं नव्हतं. लोक त्याला धीर म्हणायचे. धीर कसला डोंबलाचा, ती नुसती बधिर झाली होती.

मोहियुद्दीनने नियम सांगितला. गोळ्या संपल्या की मोठ्याने ‘खाली’, म्हणजे रिकामं, असं म्हणायचं, मगच पिस्तूल टेबलावर ठेवायचं. तोंड कायम समोरच्या निशाणाकडे. विभावरीने मान हलवली, कान झाकले आणि चाप ओढला. पुन्हा ओढला. कागदावर भोकं पडत होती की नव्हती, तिने पाहिलंच नाही. हात हिसडला जात होता, खांद्याला दणका बसत होता, आणि ते सगळं दुसऱ्याच कुणाला तरी होत होतं.

मग चाप हलेना.

आता ‘खाली’ म्हणायचं होतं. पण तिच्या सासरी तांदूळ संपत नसत, वाढत. कुंकू वाढे, तेल वाढे, फुटलेली बांगडीसुद्धा वाढलीच म्हणायची. संपलं हा शब्द या घरात काढायचा नाही, असं सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. जिभेला तेच वळण पडलेलं.

“बढ गई,” विभावरी म्हणाली, आणि पिस्तुलासकट मागे वळली.

मोहियुद्दीनने झेप घालून तिचं मनगट पकडलं आणि पिस्तूल पुन्हा निशाणाकडे दाबून धरलं. “बढ गई मतलब? अंदर और है?”

“नाही, म्हणजे, नहीं. खतम. हमारे यहाँ खतम नहीं बोलते. बढ गया बोलते.”

त्याने पिस्तूल काढून घेतलं, आत बोट घालून पाहिलं. रिकामं होतं. तरी त्याचा चेहरा उतरला होता.

“घर में कुछ भी बोलो, मॅडम. यहाँ खाली को खाली बोलना. इधर मीठा बोले तो आदमी मरता.”

मागे, पिस्तूल वळलं होतं त्याच बाजूला, अफनान उभी होती. कानावरचं काढून काय झालं म्हणून विचारत होती. मार्चनंतर पहिल्यांदाच विभावरीला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती.

मोहियुद्दीनने सतराचं मॅगझिन बाजूला ठेवलं आणि न विचारता दहाचं भरून दिलं. या वेळी तिने सावकाश नेम धरला. शेवटच्या गोळीनंतर थांबली. श्वास घेतला.

“खाली,” ती म्हणाली. हळू आलं, म्हणून तिने पुन्हा मोठ्याने म्हटलं.

पिस्तूल ठेवून ती बाहेर बाकावर जाऊन बसली आणि कुडाळला फोन लावला. राजाभाऊ काय म्हणतील, सासूबाईंना काही झालं तर काय, हे सगळं डोक्यात येऊन गेलं. उमाकांत गेले म्हणावं, असंही मनात आलं. पण गेले म्हटलं की त्या विचारणार, कुठे गेला.

“आई, राजाभाऊ जवळ आहेत ना?”

“आहे, इथेच आहे. का गो?”

“आई, उमाकांत वारले. मार्चमध्येच वारले. मी तुमच्याशी खोटं बोलत आले.”

विभावरीने डोळे मिटून घेतले.

“ठाऊक आहे मला,” सासूबाई म्हणाल्या. “राजाभाऊ टक्कल करून आला, तेव्हाच समजलं. तिरुपतीला गेलो होतो म्हणाला. प्रसादाचा लाडू दे म्हटलं, तर मूग गिळून गप्प.”

“मग तुम्ही माझ्याशी कधी काही बोलला का नाहीत?”

“काय बोलू, पोरी? दर शुक्रवारी सांगायचीस, झोपलेत, आंघोळीला गेलेत. मला वाटलं, तुलाच अजून कळलं नाहीये.”