दुसरं रबर

जिल्ह्याचा सामना दोन दिवसांवर आला आणि राजनंदिनीची एकही सर्व्हिस जाळीपलीकडं जाईना. "आण्णा, रॅकेट लई थरथरायलीय. तारांत कायतरी बिघाड हाय," ती बापाला म्हणाली. गहिनीनाथ चौसाळ्याहून थेट बीडला गेला. खेळाच्या दुकानात त्यानं तारांची थरथर थांबवायचं काही मिळतं का, असं विचारलं. दुकानदारानं बटणाएवढं रबर काढून दाखवलं.

"पण काका, हे टेनिसवाले लावतेत. बॅडमिंटनला कुणी लावत न्हाई."

"लावत नसंल. तुमी दोन द्या. एकानं भागलं न्हाई तर?"

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर त्यानं एक रबर तारांच्या बुडाशी नीट बसवलं. राजनंदिनीनं सर्व्हिस केली. फूल पुन्हा जाळीत अडकलं.

"अजून थरथरायलीय, आण्णा."

"आण बरं इकडं."

त्यानं रॅकेट हातात घेतली, तारांवर टिचकी मारली आणि कानाला लावली. "ही तर गप हाय की गं," म्हणत त्यानं वर पाहिलं. राजनंदिनीचा रिकामा हात तसाच थरथरत होता. उन्हाळ्यात, तिला भाऊ नाही म्हणून, आईच्या तिरडीपुढं धरायचं विस्तवाचं मडकं त्यानंच या हातात दिलं होतं.

दुसरं रबर अजून खिशात होतं. ते कुठं लावावं, हे गहिनीनाथला कळेना.