मशीनवरचा चुडा

“बांगडी आपल्या हातानं चढवायची नाही. कासारणीपुढे हात धरायचा आणि भरून झाल्या की तिला नमस्कार करायचा,” सासूबाईंनी मला नवी नवरी असताना बजावलं होतं. तो नेम मी कधी मोडला नाही.

आता माझ्या मुक्ताचं लग्न तोंडावर आलंय आणि तिनं हिरवा चुडा घरच्या थ्रीडी प्रिंटरच्या मशीनवर छापून काढला. अगदी काचेसारखा! आळीतल्या बायकाही तिच्याकडूनच बांगड्या नेतात. “आई, घरातच कारखाना झालाय, आणि तुझं तोंड का उतरलेलं?” म्हणाली. घरात चार पैसे येताहेत, नावं तरी काय ठेवू? पण सकाळी पोथी वाचताना एकाच ओवीवर अडकत होते. मुक्ता रांगत होती तेव्हा आमची कासारीण तानूमावशी तिला म्हणाली होती, “तुझा चुडा मीच भरणार गं!”

शेवटी तो चुडा पिशवीत घालून मावशीच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक कुणीच नव्हतं. तिनं एक बांगडी उजेडात धरली.

“झ्याक झाल्यात. माल घरचा, मग हातही घरचेच वापरा की, वहिनी!”

“तुमच्याशिवाय कशी भरायची, मावशी?”

“पोरीनं बोलावलंय, का तुम्ही?”

खोटं बोलवेना. “मी,” म्हटलं. चिडावं तरी कुणावर, तेच कळेना.

मावशीनं आपल्या काचेच्या बांगड्यांवर फडकं टाकलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चपला सरकवून माझ्याआधीच पायरी उतरली.