अळणी आमटी

दिगंबर आचाऱ्याने आमटीचा डाव हाताखालच्या दोघांपुढे धरला. "मीठ बरोबर आहे ना?"

"झकास, अण्णा," दोघंही चाखून म्हणाले.

हल्ली कॅन्टीनमधून आमटीच्या वाट्या भरलेल्याच परत यायच्या, म्हणून चाखणारे खरं सांगतात का ते बघायला आज त्याने मुद्दाम मीठच घातलं नव्हतं. आजवर ही गप्प बसणारी माणसंच त्याला गुणी वाटत आली होती. "खारट झालीय," असं तोंडावर सांगणाऱ्या सगुणाला मात्र त्याने आगाऊ म्हणून भांडी घासायला बसवलं होतं.

वाटीत आमटी घेऊन तो मोरीपाशी गेला. "सगुणा, जरा चाखून बघ गं."

तिने साबणाचे हात धुतले, एक घोट घेतला आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"छान झालीय, अण्णा."

वाटी त्याच्या हातात देऊन ती पुन्हा पातेलं घासू लागली.